वाचकांचे प्रश्न : कोर्ट मार्शलमध्ये नवऱ्याचं वकीलपत्र

प्रश्न : माझे पती लष्करात हवालदार आहेत. युनिटमध्ये गोळी लागून एक जवान गेला आणि खुनाचा आरोप यांच्यावर आला. मी गडहिंग्लजला वकिली करते, सेशनच्या केसेस चालवते. त्यांच्या कोर्ट मार्शलमध्ये मी उभी राहू शकते का? सासरे म्हणतात, घरच्या माणसाला परवानगी देत नाहीत.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : देतात, ताई. जनरल कोर्ट मार्शलमध्ये आरोपीला आपला वकील नेमता येतो (आर्मी रूल्स 1954, नियम 95 आणि 96), आणि सत्र न्यायालयात बाजू मांडण्याचा अधिकार असलेला वकील तिथे चालतो. बार कौन्सिलच्या नियमांत नात्याची आडकाठी आहे, पण ती न्याय देणारा नात्यातला असेल तर. अशील नात्यातला असल्याने काही बिघडत नाही. वकील लावणार असल्याचं पतींनी कमांडिंग ऑफिसरला लवकरात लवकर लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.

खरी गोम वेगळीच आहे. तुम्ही स्वतः साक्षीदार ठरता का, हे आधी तपासा. आपल्याला साक्ष द्यावी लागेल असं वाटत असेल, तर ते वकीलपत्र वकिलाने घेऊच नये. काम चालू असताना हे लक्षात आलं, तर अशिलाचं नुकसान होणार नाही अशा बेताने बाजूला व्हावं. समजा, पती सुट्टीवर आले असताना त्या जवानाशी त्यांची बाचाबाची झाली आणि ती तुमच्या डोळ्यांदेखत झाली. सरकार पक्ष तुमचं नाव यादीत घालू शकतो, आणि मग ऐन उलटतपासणीच्या तोंडावर नवा वकील शोधायची पाळी येते. अशी शंका असेल तर आजच दुसऱ्या वकिलाच्या नावाने वकीलपत्र द्या आणि तुम्ही कागद तयार करायचं काम घ्या.

लग्नानंतर नवरा-बायकोत झालेलं बोलणं भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 128 मुळे सुरक्षित असतं. ते सांगण्याची सक्ती होत नाही, आणि ज्याने सांगितलं त्याच्या संमतीशिवाय ते उघडही करता येत नाही. पण हे संरक्षण बोलण्याला आहे, तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलं त्याला नाही. शिवाय नवऱ्याने बायकोला लिहिलेली पत्रं तिसऱ्याच्या हाती पडली तर तो ती कोर्टात शाबीत करू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच म्हटलंय. तेव्हा त्यांचे व्हॉट्सॲप मेसेज दीर-नणंदेला फॉरवर्ड करू नका.

आता प्रत्यक्ष काम. बहुतेक केसेस कोर्ट भरण्याआधीच हातच्या जातात. कमांडिंग ऑफिसरसमोरची सुनावणी (नियम 22) आणि त्यानंतरची समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे साक्षीपुरावा लेखी नोंदवण्याची पायरी (नियम 23), यांत वकिलाला बसायचा हक्क नसतो. साक्षीदारांना प्रश्न आरोपीनेच विचारायचे असतात. जवान तिथे साहेबासमोर 'नो क्वेश्चन' म्हणून मोकळा होतो. शेवटी त्याला निवेदन करायचंय का असं विचारतात, आणि तो जे बोलेल ते पुढे पुराव्यात येऊ शकतं. हे त्यांना आधीच समजावून सांगा आणि साक्षीदारवार प्रश्न लिहून द्या.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीतले, म्हणजे लष्कराच्या अंतर्गत चौकशीतले, जबाब त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून येत नाहीत, मात्र साक्षीदाराच्या उलटतपासणीत दोन्ही बाजूंना वापरता येतात. नियम 184 खाली त्यांच्या प्रती मागा. तारखेआधी बचावाला किमान 96 तास मिळायला हवेत, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (युद्ध, मोहीम अशा तैनातीवर) असल्यास 24. एवढ्या वेळात नुसती फाईल वाचून होत नाही, म्हणून तयारी समरीपासूनच धरा.

गोळीबाराच्या केसमध्ये पहिला कागद म्हणजे कोतचं (युनिटच्या शस्त्रागाराचं) रजिस्टर. रायफलचा बट नंबर, ती घेतल्याची नि परत केल्याची वेळ, सही, किती राऊंड दिले आणि किती परत आले, हे गार्ड ड्यूटीच्या यादीशी ताडून बघा. बट नंबर वेगळा आणि रायफलवर कोरलेला रजिस्टर्ड नंबर वेगळा असतो. पंचनाम्यात एक आणि फॉरेन्सिकच्या अहवालात दुसरा असेल, तर दोन्ही नंबर एकाच शस्त्राचे आहेत हे सरकार पक्षालाच दाखवू द्या.

कोर्टात किमान पाच अधिकारी बसतात, शिवाय कायदा सांगायला जज ॲडव्होकेट. एखाद्या सभासदाबद्दल हरकत असेल तर ती सुरुवातीलाच घ्यावी लागते. निकालावर मतं समसमान पडली तर आरोपीच्या बाजूने निकाल जातो. फाशीसाठी मात्र किमान दोन तृतीयांश मतं लागतात.

प्रश्न : मुलगा अडीच महिने लष्करी कोठडीत आहे. कोल्हापूरला हायकोर्ट आलंय, तिथून जामीन मिळेल का?
— एक आई, सैनिक टाकळी

उत्तर : आई, 18 ऑगस्ट 2025 पासून भाऊसिंगजी रोडवर सर्किट बेंच सुरू आहे हे खरं, पण लष्करी कोठडीतल्या जामिनासाठी आधी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलकडे (सैन्यदलांच्या प्रकरणांसाठीच्या न्यायाधिकरणाकडे) जायचं. अर्ज तिथेही सरसकट कोल्हापूरचा म्हणून मुंबईला चालत नाही. मुलाचं पोस्टिंग ज्या खंडपीठाच्या हद्दीत किंवा घटना जिथे घडली, तिथे तो साधारणपणे करावा लागतो. खुनात फाशी किंवा जन्मठेप असल्याने, आरोप खरा मानायला सकृद्दर्शनी वाजवी कारण दिसलं तर जामीन मिळत नाही. म्हणजे अर्जाचा भर घरच्या हलाखीवर नको, पुराव्यातल्या भगदाडांवर हवा. मुलगा ॲक्टिव्ह सर्व्हिसवर नसेल, तर कोर्ट मार्शल भरेपर्यंत दर आठ दिवसांनी उशिराचं कारण वर कळवणं युनिटला बंधनकारक आहे. ते अहवाल पाठवले गेले का, हे अर्जात जरूर विचारा.

प्रश्न : मेलेला माणूस सिव्हिलियन असेल तर?
— एक वाचक, कागल

उत्तर : मग सर्वसाधारणपणे खटला साध्या सत्र न्यायालयात चालतो. आर्मी ॲक्टच्या कलम 70 मध्ये अपवाद तीन : ॲक्टिव्ह सर्व्हिस, भारताबाहेरचं ठिकाण आणि सरकारने जाहीर केलेली सीमा चौकी. नौदलाचे कमांडर नानावटी यांच्यावरचा 1959 चा खटलाही मुंबईच्या सत्र न्यायालयातच चालला होता. कोल्हापूर जिल्ह्यात असं घडलं तर काम कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात किंवा हद्दीप्रमाणे जवळच्या सत्र न्यायालयात जाईल, आणि तिथे वकील पहिल्या रिमांडपासूनच शेजारी उभा राहू शकतो.