कॉम्प्युटर चालू, तरी 'होस्ट इज डाउन'!

प्रश्न : ताई, इचलकरंजीत आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. फायली काउंटरवरच्या विंडोज कॉम्प्युटरवर असतात, मी आतल्या खोलीत उबुंटूवर (लिनक्सवर) डिझाइन करतो. काउंटरचा जुना एक्सपीवाला कॉम्प्युटर काढून विंडोज ११ चा आणला, तेव्हापासून शेअर केलेलं फोल्डर माझ्याकडे माउंट होत नाही, म्हणजे जोडलंच जात नाही. 'होस्ट इज डाउन' येतं. कॉम्प्युटर तर चालू आहे! पिनही बरोबर टाकतो.

उत्तर : दादा, हा संदेश चक्क दिशाभूल करतो. तुमच्या एफएसटॅबमधली (उबुंटू सुरू होताना काय काय जोडायचं, त्या यादीच्या फायलीतली) ओळ एक्सपीच्या काळातली असणार. तीत 'व्हर्स=१.०' आहे का बघा. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फायली शेअर करायची विंडोजची बोली, आणि 'व्हर्स' म्हणजे तिची आवृत्ती. एक्सपीला तिची पहिलीच आवृत्ती कळायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो याच आवृत्तीतल्या भोकातून. विंडोज ११ मध्ये ती मुळात घातलेलीच नसते. उबुंटू जुन्या बोलीत हाक मारतो, पलीकडून ओ येत नाही, आणि आपल्याला वाटतं यजमान घरात नाही. तिथे '३.०' लिहा. उलट विंडोजवर जुनी आवृत्ती चालू करायचा सल्ला कोणी दिला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

एवढं केलंत की 'परमिशन डिनाइड' येईल. तो पिनचा प्रताप. पिन त्या कॉम्प्युटरसमोर बसूनच चालतो, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि विंडोजचं खातं ईमेलचं असेल तर तो त्या ईमेल खात्याचाच असतो. माझं ऐकाल तर विंडोजवर या कामापुरतं वेगळं लोकल खातं उघडा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डर त्याच्याच नावे शेअर करा. काउंटरवरच्या पोराला मालकाच्या ईमेलचा पासवर्ड कळायला नको.

हा पासवर्ड एफएसटॅबमध्ये लिहू नका, ती फाइल कोणीही वाचू शकतो. वेगळ्या फायलीत ठेवा, तिची परवानगी ६०० (फक्त फायलीच्या मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) करा आणि ओळीत 'क्रेडेन्शियल्स=' पुढे तिचा पत्ता द्या. शिवाय 'यूआयडी=' पुढे तुमचा उबुंटूवरचा वापरकर्ता क्रमांक हवा (बहुधा १०००), नाहीतर पत्रिका दिसेल पण सेव्ह होणार नाही. 'आयओचारसेट=यूटीएफ८' असू द्या, वधूवरांच्या देवनागरी नावांच्या फायली आहेत तुमच्या. सकाळी काउंटर उघडायच्या आधी तुम्ही लॅपटॉप लावत असाल तर 'नोफेल'ही घाला, म्हणजे फोल्डर सापडलं नाही तरी उबुंटू सुरू होताना अडणार नाही.

तरी अडलं तर उबुंटूवरच्या एसएमबीक्लायंट या कमांडने त्याच खात्यावरून फोल्डरांची यादी मागवा. यादी आली, तर नेटवर्क आणि पासवर्ड ठीक आहेत, दोष ओळीत आहे. नाही आली, तर विंडोजचं नेटवर्क 'पब्लिक'वर आहे का बघा. ते 'प्रायव्हेट' करून फाइल शेअरिंग चालू करा.