दोघंही नोकरी करतात, तर घरकाम कसं वाटून घ्यावं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय, ‘मी बायकोला मदत करतो, तरी ती चिडते.’ मदत दुसऱ्याच्या कामात करतात, म्हणूनच ती चिडते. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात 26 निघाले. त्यांचीही त्यात सरासरी 97 मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या बायकांची 299.

काम अर्धं घेऊ नका, अख्खं घ्या. भाकरी तुमची म्हणजे ज्वारी निवडणं, गिरणीत नेणं, पीठ संपायच्या आत पुन्हा दळून आणणं, शेवटी परात घासणं, सगळं तुमचं. तिला आठवण करून द्यावी लागत असेल तर काम अजून तिच्याकडेच आहे.

‘भाकरीला बाईचाच हात लागतो’ असं आपल्या मराठवाड्यात सर्रास म्हणतात. साफ खोटं. भाकरीला ताजं पीठ, आधणाचं पाणी आणि रगडणं लागतं. दळण आठ-दहा दिवसांचंच आणा. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि थापताना कड तडकते. वाटीभर पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी, तेही थोडं थोडं. चमच्यानं कालवा, हाताला सोसलं की तळहातानं दोन-तीन मिनिटं चांगलं रगडा. उंडा एका वेळी एकाच भाकरीचा. थापताना मधे जाड राहिली तर फुगत नाही. पिठाची बाजू वर करून तव्यावर टाका आणि लगेच पाण्याचा हात फिरवा; उशीर झाला की भेगा पडतात. पाणी पुरतं सुकायच्या आत उलटा, ती बाजू खरपूस भाजली की पहिली बाजू थेट जाळावर. सुरुवातीचे पंधरा दिवस तुटतील. तेव्हा तिनं परात ओढून घ्यायची नाही.

नळाचं पाणीसुद्धा पूर्ण काम धरा. आपल्या कितीतरी गावांत ते रोज येत नाही, सुटलं तर रात्री-अपरात्री. मोटर लावणं, पिण्याचं गाळून भरणं, टाकी वाहू न देणं यात झोप मोडते. ज्यानं पाणी भरलं, त्याच्याकडे सकाळचे डबे नकोत.

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यात शिफ्ट बदलत असेल तर वाटणीही आठवड्याला बदला. रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी चुलीपुढे उभं करू नका. आणि ‘पोरगा भाकरी थापतो’ म्हणून आईला वाईट वाटत असेल, तर तिच्याशी मुलानंच बोलायचं. सून बोलली की त्याचं भांडण होतं, आणि दुसऱ्या दिवशी परात परत तिच्याचपुढे येते.