कडुलिंबावरची गुळवेल, रोज घ्यावी का?

प्रश्न : सासूबाईंना शुगरची गोळी चालू आहे. कोरोनापासून त्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात. आता गुडघ्यांसाठी मलाही घ्या म्हणतात. चालेल का? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं बघू. गुळवेल शुगर थोडी उतरवते, गोळीही उतरवते. दोन्ही एकदम पोटात गेल्यावर कधी हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो. म्हणून काढ्याचं डॉक्टरांना सांगाच. ‘झाडपाल्याचं काय सांगायचं’ म्हणून लपवू नका. आणि इतकी वर्षं रोज? आम्ही वैद्यसुद्धा इतकं देत नाही. काही दिवस घ्यायची, मग थांबायचं.

2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, दुसरीच वेल घेतली असावी. माझ्याकडेही एकाने बांधावरची वेल पिशवीभर आणली होती, ‘लिंबावरचीच आहे’ म्हणत. खऱ्या गुळवेलीचं कांड आडवं कापलं की आत चाकाच्या आऱ्या दिसतात, वरची पातळ साल कागदासारखी सुटते, पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं. त्याच्या कांडाला आऱ्याच नव्हत्या! ओळख पटली नाही तर तोंडात घालू नका.

लघवी गर्द पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, जेवणावरची वासना गेली, की काढा त्याच दिवशी बंद आणि रक्त तपासा. तुम्हाला संधिवात, थायरॉईड असं काही प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचं असेल किंवा दिवस गेले असतील, तर नकोच. गुडघ्यांचं म्हणाल, तर आधी ते दाखवा.