तळमजल्यावर राहतो, लिफ्ट वापरत नाही, तरी समान पैसे भरायचे हा न्याय आहे का? (ठाणे)

हो, नियमाने आहे आणि माझ्या मते न्यायानेही आहे. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत मी काही वर्षं खजिनदार होतो, दर वार्षिक सभेत हाच वाद व्हायचा. आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सहकार खात्याने गृहनिर्माण सोसायट्यांसाठी केलेल्या नमुना नियमांनुसार) लिफ्टचा खर्च लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर सारखा, वापरा अथवा न वापरा. पण त्याच बिलात पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, तर दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान ०.७५ टक्के. म्हणजे एका कागदावर न्यायाची तीन मापं! ॲरिस्टॉटलचं म्हणणं हेच होतं की समानांना समान आणि असमानांना प्रमाणात द्यावं. भांडण होतं ते प्रमाण कशाचं धरायचं यावर. वापराचं धरलं तर तुम्ही बरोबर. पण अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सची १९७१ची युक्ती करून बघा: आपल्याला कुठला मजला मिळणार हे माहीत नसताना नियम ठरवा. सातवा मजला आणि दुखरे गुडघे वाट्याला येऊ शकतात म्हटल्यावर बहुतेक जण समान वाटणीला हात वर करतील. (आमच्याकडे लिफ्टवरून सगळ्यात जास्त भांडणाऱ्या तळमजल्यावरच्या काकू पापडांची परात घेऊन गच्चीवर लिफ्टनेच जायच्या. असो.) मात्र तुमची इमारत वेगळी असेल आणि तिला लिफ्टच नसेल, तर हा खर्च तुमच्यावर पडत नाही, तेव्हा आधी बिल आणि तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी शेजारी ठेवून वाचा.