स्टुडिओच्या कर्जाआधी पॉलिसीचा हप्ता पाहा

ऐरोलीच्या एका २६ वर्षांच्या वाचकाने विचारले आहे की, ठाण्यातील नोकरी सोडून घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचा स्टुडिओ उभारण्यासाठी १४ टक्के व्याजाने, पाच वर्षांच्या मुदतीचे ५ लाखांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे का. पगार हातात ३८,००० रुपये येतो, मधुमेह असलेल्या आईसह घरखर्च २२,००० आहे आणि खात्यात ९०,००० शिल्लक आहेत. पत्राच्या शेवटी ते जाता जाता लिहितात की, बँकेतून घेतलेल्या एका 'गॅरंटीड' योजनेत वर्षाला १ लाख जातात, तीन हप्ते भरून झाले आहेत आणि 'ती एफडीसारखीच आहे'.

ती एफडीसारखी मुळीच नाही, ती विमा पॉलिसी आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदानुसार दहा वर्षे दरसाल १ लाख भरल्यावर पंधराव्या वर्षाअखेर १७ लाख मिळतील, म्हणजे परतावा वर्षाला जेमतेम ५ टक्के. हीच रक्कम पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्के दराने २१ लाखांच्या आसपास गेली असती. विमा छत्रही केवळ १० लाखांचे आहे, आणि तुमच्या पश्चात आईचा घरखर्च त्यातून चार वर्षेही निघणार नाही. बँकेच्या टेबलावर बसून विमा पॉलिसी ठेव म्हणून विकणाऱ्यांबद्दल माझ्याजवळ सौम्य शब्द नाहीत.

त्याहून गंभीर बाब अशी की, ज्याचे उत्पन्न अनिश्चित होणार आहे त्याने आणखी सात वर्षे दरसाल १ लाख भरण्याचे बंधन पत्करलेले आहे. कर्जाचा हप्ता सुमारे ११,६०० आणि पॉलिसीचे महिन्याला ८,३०० मिळून २०,००० होतात. त्यात घरखर्च मिळवला की ४२,०००, म्हणजे आजच्या पगारातही हे बसत नाही.

घाईने पॉलिसी मोडू नका. तीन हप्त्यांनंतर हमी असलेले सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर परत मिळणारी रक्कम, बहुधा भरलेल्या रकमेच्या ३५ टक्के, म्हणजे लाखभर असते, आणि ते घेऊन पुढचे हप्ते पीपीएफमध्ये टाकले तरी १७ लाख गाठले जात नाहीत. म्हणून विमा कंपनीकडून सरेंडर मूल्य आणि पेड-अप मूल्य (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम) दोन्ही लेखी मागवा. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केल्यास मुदतीअखेर ४ लाखांहून अधिक मिळत असतील, तर तोच मार्ग धरा, कारण वाचलेले हप्ते पीपीएफमध्ये गेले तर दोन्ही मिळून १७ लाखांच्या वर जातात.

आता स्टुडिओ. एका गाण्याचे ६,००० घेऊन महिन्याला आठ गाणी, म्हणजे ४८,००० मिळतील, असा तुमचा अंदाज आहे. परंतु गेल्या वर्षभरात तुम्ही नऊ गाणी मिक्स केलीत आणि पैसे चारच गाण्यांचे मिळाले, हेही तुम्हीच लिहिले आहे. हिशेब या चार गाण्यांवरून करायचा असतो. शिवाय तुमची खोली ११ फुटांची आहे आणि १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण तेवढीच असते, त्यामुळे भिंतींवरून परतणारा आवाज बेस कुठे फुगवतो, तर कुठे दाबतो. भिंतींना आवाज शोषणारे रॉकवूलचे पॅनेल न लावता दोन लाखांचे मॉनिटर स्पीकर आणले तरी बेसचा अंदाज चुकतच राहील. संगणक तुमच्याकडे आहेच. चांगले हेडफोन, दोन वाहिन्यांचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे यंत्र) आणि हे पॅनेल पॉलिसीच्या वाचलेल्या हप्त्यातून वर्षभरात येतील, कर्ज लागणार नाही. शनिवार-रविवारी ठाण्याच्या घाणेकर किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहातील प्रयोगांना ध्वनिसंयोजकाच्या हाताखाली उभे राहा. गणपती-नवरात्रात कामे दाटतात आणि पावसाळ्यात हात रिकामे राहतात, हे तिथे पहिल्याच वर्षी कळेल. सलग सहा महिने या कामातून २५,००० येऊ लागले आणि सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे सुमारे १,३०,००० बाजूला पडले, की राजीनाम्याचा विचार करा.

राजीनाम्यापूर्वी मात्र दोन कामे उरकाच. १ कोटीचा मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा टर्म प्लॅन) पगारपत्रक हातात असतानाच घ्या, कारण विमा कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात. तुमच्या वयात त्याचा वार्षिक हप्ता साधारण दहा-बारा हजार पडतो. कंपनीचा समूह आरोग्य विमा नोकरीबरोबर संपेल, म्हणून आईसाठी स्वतंत्र पॉलिसी याच महिन्यात काढा आणि अर्जात मधुमेह स्पष्ट नमूद करा, कारण आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो आणि तो पॉलिसीच्या दिवसापासून मोजला जातो.