इंग्रजीतील बारा काळ पाठ आहेत, पण बोलताना कोणता वापरावा हे कळत नाही. काय करावे?

तक्ता तोंडपाठ असूनही ऐन वेळी काळ सुचत नाही, ही आपली अडचण माझ्या वर्गात येणाऱ्या बहुतेक प्रौढ विद्यार्थ्यांचीही असते. माझ्या मते काळाचे रूप कसे तयार होते आणि तो कोठे वापरायचा, या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकाव्यात. तक्त्यात त्या एकत्र येतात आणि गोंधळ उडतो.

रूप तयार करणे तुलनेने सोपे आहे. इंग्रजी क्रियापद स्वतःच्या रूपाने वर्तमान आणि भूत एवढेच दाखवते, बाकी सारे सहाय्यक क्रियापदांच्या जोडणीतून घडते. कर्तरी प्रयोगात 'विल'नंतर मूळ रूप, 'हॅव'नंतर तिसरे रूप आणि 'बी'च्या कोणत्याही रूपानंतर 'इंग' लागलेले रूप येते. 'शी विल हॅव बीन वर्किंग' हे वाक्य पाहा : 'विल'मुळे 'हॅव' मूळ रूपात राहिले, 'हॅव'मुळे 'बी'चे 'बीन' झाले आणि 'बीन'मुळे 'वर्क'चे 'वर्किंग' झाले. कर्ता 'शी' असूनही येथे 'हॅज' का नाही, हेही यावरून उलगडते. काळाची खूण नेहमी पहिल्याच क्रियापदावर असते, म्हणून 'डिड यू वेंट' चूक आणि 'डिड यू गो' बरोबर. भूतकाळ 'डिड'ने दाखवला की 'गो' मूळ रूपातच राहते.

खरी मेहनत लागते ती निवडीला, कारण मराठी रूपावरून इंग्रजी काळ ठरवता येत नाही. कोणी हाक मारली की आपण 'आलोच' म्हणतो; रूप भूतकाळाचे असते, पण येणे अजून व्हायचे असते, आणि इंग्रजीत तेथे 'आय ॲम कमिंग' हवे.

सर्वाधिक चुका पूर्ण वर्तमानकाळात होतात. 'हा चित्रपट मी काल पाहिला आहे' हे मराठीत खटकत नाही, पण इंग्रजीत 'येस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन 2019' असा संपलेला कालखंड वाक्यात आला की साधा भूतकाळच वापरावा लागतो : 'आय सॉ द फिल्म येस्टरडे'. केव्हा पाहिला हे न सांगता पाहिला आहे एवढेच सांगायचे असेल, तर 'आय हॅव सीन द फिल्म'. सकाळ अजून सरली नसेल, तर 'धिस मॉर्निंग'सोबतही 'हॅव' चालते. दुपारी मात्र साधा भूतकाळ हवा.

याच काळाचे दुसरे अवघड वळण म्हणजे 'पासून'. 'मी दहा वर्षांपासून नाशिकमध्ये राहतो' या वाक्यातील 'राहतो' पाहून आपल्याकडे सर्रास 'आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन इयर्स' असे म्हटले जाते. परंतु हे राहणे मागे सुरू होऊन आजपर्यंत पोहोचले आहे, आणि तो पल्ला दाखवण्यासाठी 'आय हॅव बीन लिव्हिंग इन नाशिक फॉर टेन इयर्स' असेच म्हणावे लागते. 'फॉर'पुढे कालावधी येतो, 'सिन्स'पुढे आरंभ, जसे 'सिन्स 2015'. मराठीतील 'पासून' दोन्हींसाठी चालत असल्यामुळे येथे विशेष सावध राहावे. 'नो', 'बिलीव्ह' यांसारख्या स्थितिदर्शक क्रियापदांना मात्र सहसा 'इंग' लागत नाही, त्यामुळे 'मी तिला 2015 पासून ओळखतो' याचे इंग्रजी 'आय हॅव नोन हर सिन्स 2015' असे होईल.