कमी वजनाच्या बाळासाठी आशाताई वारंवार घरी येतात, त्याचा खरोखर उपयोग होतो का?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे की, बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आहे, बाळ १ किलो ९०० ग्रॅमचे जन्मले, आणि रुग्णालयातून घरी सोडल्यापासून गावातील आशाताई ठरावीक दिवसांनी येऊन वजन, ताप आणि श्वास पाहतात. आजीला हे सारखे येणे खटकते, आणि तुम्हालाही शंका आहे की हे केवळ फॉर्म भरण्यापुरते असावे. मी आरोग्य उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून २२ वर्षे काम केले आहे, त्यामुळे फॉर्मविषयीची तुमची शंका मला अन्यायाची वाटत नाही. तरीही उपयोग होतो, असेच माझे उत्तर आहे.

याचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, ऊब आणि स्तनपान यांकडे लक्ष देत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविकेही देत. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले, आणि हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. पुढे २०११ पासून केंद्र सरकारने आशांमार्फत हाच कार्यक्रम देशभर आणला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, आणि घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची एक जादा, असे वेळापत्रक त्यात आहे. मात्र गडचिरोलीतील आरोग्यदूत घरी उपचारही करीत. तुमच्याकडे येणाऱ्या आशाताईंचे मुख्य काम धोका ओळखणे आणि बाळाला वेळेत रुग्णालयात पाठवणे हे आहे. म्हणून भेटीचे फळ पुढच्या रुग्णालयावर आणि तिथे पोहोचण्याच्या सोयीवरही अवलंबून राहते.

भेट एकदाच न होता पुन्हा पुन्हा का व्हावी, हे मला एका घरात कळले. सातव्या दिवसाच्या भेटीला मी आशाताईंबरोबर गेले होते. बाळाची आजी कौतुकाने म्हणाली, "फार गुणी लेकरू आहे बाई, कालपासून रडणं म्हणून नाही." मला ते बाळ झोपलेले दिसले, एवढेच. आशाताईंनी मात्र तिसऱ्या दिवशी त्याला जोराने दूध ओढताना पाहिले होते. त्यांनी आधी हाताची पालथी बाजू बाळाच्या पोटाला लावली, मग तळपायांना. पोटही गार होते आणि पायही. आईने छातीशी घेतले तर ओठ हलले नाहीत. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजल्यावर श्वास ६० च्या वर भरले, पुन्हा मोजले तरी तेच. बाळाला आईच्या पोलक्याच्या आत उघड्या छातीशी बांधून, वरून शाल लपेटून आम्ही १०२ च्या गाडीने पाठवले, आणि ते वाचले. त्या दिवशी मी एकटी गेले असते, तर आजीच्या शब्दावर विश्वास ठेवून वजन लिहून परतले असते, हे मला आजही मान्य करावे लागते.

तुमच्या घरी लक्ष ठेवण्याच्या खुणाही याच आहेत: दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, शांत असताना मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जाणे, अंग गार पडणे किंवा तापणे, झटके येणे, बाळ ढिले पडणे. यातले एकही दिसले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते, त्याने घाबरू नये. पण दोन आठवडे उलटूनही ते जन्मवजनाला पोहोचले नाही, तर दाखवलेच पाहिजे. वजन करताना झोळी रिकामी असताना काटा शून्यावर आणला आहे ना, हे तुम्हीही पाहा. घाईत तेवढेच राहून जाते.

आजींशी वाद घालण्यापेक्षा त्यांना काम द्यावे, असा माझा अनुभव आहे. मध, घुटी, काजळ आणि शेगडीचा धूर यांना नकार द्यावाच लागतो, आणि वजन २ किलोच्या वर जाईपर्यंत आंघोळीऐवजी कोमट पाण्याने पुसून घेणे बरे. पण बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याचे काम आई दमली की आजी करू शकतात, बाबाही करू शकतात. माझ्या पाहण्यात तरी ज्या आजीने असे तासभर बाळ धरले, तिने नंतर आशाताईंना दारातून परत पाठवले नाही.

फॉर्मचे म्हणाल, तर आशाताईंना या सर्व भेटींचे मिळून २५० रुपये मिळतात, तेही भेटी पूर्ण झाल्यावर. त्यामुळे कागद भरण्याची घाई काही ठिकाणी दिसते. ताई पाच मिनिटांत निघत असतील, तर "आमच्यासमोर श्वास मोजून दाखवा" असे स्पष्ट म्हणा. चांगल्या ताईंना त्याचा राग येत नाही.

या व्यवस्थेतील खरी उणीव मला वेगळीच दिसते. ती घराच्या पत्त्यावर चालते, आणि जिथे धोका सर्वाधिक, तिथेच पत्ता टिकत नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे बाळ फडावरच्या कोपीत असते आणि नाव गावच्या नोंदवहीत. माहेरवाशिणीचेही तसेच होते: सव्वा महिना झाला की ती सासरी जाते, इथल्या ताईंना वाटते तिथल्या पाहतील, आणि तिथल्या ताईंना बाळ आल्याचे कळतही नाही. कमी वजनाच्या बाळावर तर त्यानंतरही लक्ष ठेवावे लागते, आणि तिसऱ्या महिन्यापासून १५ व्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांच्या भेटीही आहेत. म्हणून बहीण निघण्यापूर्वी सासरच्या आशाताईंचा फोन नंबर मिळवून दोघींचे बोलणे करून द्या, आणि सगळी वजने माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घेऊन ते कार्ड कपड्यांच्या बॅगेत न टाकता तिच्या हातातल्या पिशवीत द्या.